उंबराला हात लावून परत

यमे, काल आम्ही तिघं उंबराच्या अलीकडे सायकली थांबवून उभे राहिलो ते राहिलोच. पुढे कुणी जाईना. बापू म्हणाला, "सुलभाताई, तुम्ही व्हा पुढं." विलास म्हणाला, "मी तर नाहीच, माझी चेन सैल वाटतेय." मी म्हणाले, मी आयुष्यात कधी पहिली आले नाही, आजच काय म्हणून येऊ? तेवढ्यात सुरगाण्याकडून जीप आली, माणसं टपापर्यंत भरलेली. ड्रायव्हरने वेग कमी करून विचारलं, "काय झालं? पंक्चर हाय का?" बापू म्हणाला, "नाही हो, पंक्चर नाही." जीप निघून गेली आणि आम्ही पुन्हा उंबराकडे बघत उभे.

तुझे दिवस होऊन आठवडाही झाला नव्हता. खरं तर मला यायचंच नव्हतं. पण तुझ्या गावाहून आम्ही निघताना तुझे वडील जीपपर्यंत आले आणि म्हणाले, "ह्या फागुनात घाटात जाल ना?" आता म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? बापूने तिथल्या तिथे "जाऊ, जाऊ" करून टाकलं. आमच्या दोघांच्या वतीनेही.

शाळेच्या अंकात तुझ्यावर दोन शब्द छापायचे आहेत. हेडबाईंनी माझ्याकडे तुझी माहिती मागितली आहे. जन्म, शिक्षण, किती वर्षं सेवा, मुलींच्या संघाने किती कप आणले. मी त्यांना सांगितलं, ते कारकुनाकडून घ्या. मी मला हवं ते लिहीन. दुसऱ्या कुणी वाचलं तर कळायला हवं म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगेन, तेव्हा मधेच "हे माहितेय मला" असं म्हणू नकोस. तुझी ती खोड मला कधीच आवडली नाही.

आपली ओळखच भांडणाने झाली. नाशिकरोडच्या शाळेत तू नवी क्रीडाशिक्षिका म्हणून आलीस ते नव्वदीच्या सुरुवातीला. मी गणिताची. परीक्षा जवळ आल्या की पीटीचा तास गणिताने घ्यायचा ही आमच्या शाळेची जुनी वहिवाट. आधीचे पीटीचे सर स्वतःहून येऊन "घ्या बाई" म्हणायचे आणि चहाला जायचे. तू वर्गाच्या दारात शिट्टी गळ्यात अडकवून उभी राहिलीस आणि सगळ्या मुलींसमोर म्हणालीस, "बाई, माझा तास आहे." मी म्हणाले, "अहो, पोरी नापास होतील." तू म्हणालीस, "होऊ देत, पण पळून तर दमू देत आधी." मला असा राग आला होता म्हणून सांगू! सुरगाण्याच्या डोंगरातून आलेली काटकुळी पोरगी, पहिला पगार अजून व्हायचाय, आणि मला शिकवतेय. पण मीही तास सोडला नाही. मग शिक्षकांच्या खोलीत तू माझ्यासमोर येऊन बसलीस आणि हिशेब मांडलास. "तुम्ही माझा एक तास घेतलात की एक रविवार तुम्ही मला द्यायचा. सायकलवर यायचं माझ्याबरोबर. मुली नाही पळाल्या तर तुम्ही पळा."

त्या वर्षी मी तुझे इतके तास घेतले होते की होळीपासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

माझ्याकडे तेव्हा पुढे टोपली असलेली लेडीज सायकल होती. भाजी आणायची. ती घेऊन मी तुझ्यामागे आधी गंगापूरच्या रस्त्याला, मग दिंडोरीकडे आणि शेवटी डोंगराकडे येऊ लागले. आमच्या शेजारचा बापू नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, पाळी सुटली की वेळ कसा घालवावा हा त्याचा मोठाच प्रश्न, तो बरोबर येऊ लागला. त्याच्यामागोमाग त्याचा मेव्हणा विलास, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. दिसली सायकल की पाना काढायचा. बापू त्याला म्हणायचा, "तू विमानाला हात लावतोस आणि तरी ते उडतं?" पुढे जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकली बाजारात आल्या, मग गिअरच्या आल्या, आणि आपण चौघांनी एकेक करून घेतल्या. माझी टोपली मात्र मी नव्या सायकलीलाही बसवून घेतली. विलासला ते अजून सहन होत नाही.

रविवारी पहाटेच्या एसटीच्या टपावर सायकली बांधायच्या, त्यावरून कंडक्टरशी वाद घालायचा, पेठ रस्त्याने जाऊन आतल्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून घाट चढायचा. घाटाला काही सरकारी नाव असेलच. आपण त्याला उंबरघाट म्हणायचो, कारण माथ्यावर, शेवटच्या वळणाच्या थोडं आधी, ते उंबराचं झाड आणि त्याखाली हापसा. फाल्गुन-चैत्रात तिथे जायचं म्हणजे सुखच. साग बोडका झालेला, शेतात पालापाचोळा जाळून राब भाजल्याचा वास, मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका, आणि वळणावळणाला पळस नुसता पेटलेला. घाई कुणालाच नसायची. ती फक्त पहिल्या रविवारी होती.

पहिल्या रविवारी तुम्ही तिघं वर पोचलात, बापूने स्टोव्ह पेटवला, चहा झाला, पिऊन झाला, आणि मग मी सायकल ढकलत पोचले. टोपलीत माझी चप्पल होती, कारण तिचा अंगठा तुटला होता. बापू आणि विलास हसून हसून लोळायचे बाकी होते. तू हसली नाहीस. म्हणालीस, "आमच्याकडं असं चालत नाही." मग तू सांगितलंस. तुमच्या पाड्यावरच्या बायका रानातून मोळ्या घेऊन निघाल्या की जी आधी घरी पोचते ती मोळी टाकून तशीच मागे फिरते, आणि सगळ्यांत मागे राहिलेल्या बाईच्या डोक्यावरचं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन तिला घरी आणते. मागची घरी आल्याशिवाय कुणी चूल पेटवत नाही. "तर आजपासून इथं पण तसंच," तू म्हणालीस. "जो पहिला उंबराला हात लावील त्यानं परत खाली जायचं आणि शेवटच्याला घेऊन यायचं. तोवर चहा नाही."

चहा नाही म्हटल्यावर बापूला नियम लगेच पटला.

आणि मग काय झालं ते ज्याने आपल्याला कधी घाटात पाहिलं नाही त्याला सांगून खरं वाटणार नाही. दुसरं येण्याची शर्यत सुरू झाली. पहिला आला की घाट दोनदा चढायचा. त्यामुळे शेवटच्या वळणाला आले की हे दोन दणकट पुरुष चढावर ब्रेक दाबायचे. विलासची चेन नेमकी तिथेच उतरायची. बापूच्या बुटाची नाडी सुटायची. सँडल घालून आला त्या दिवशीसुद्धा म्हणे नाडी सुटली. एकमेकांना "तू हो पुढं", "नाही नाही, तुझा मान" असं करत गोगलगाईसारखे सरकायचे. आणि तू त्या दोघांच्या मधून, वेणी पाठीवर आपटत, सरळ निघून जायचीस, उंबरावर चापट मारायचीस आणि वळायचीस. "मला काय," म्हणायचीस, "दोनदा घाट म्हणजे दोनदा पळस."

खाली मी कुठल्या तरी वळणावर धापा टाकत असायचे. तुझी सायकल वरून येताना ऐकू यायची. शाळेत तू मला "सुलभाबाई" म्हणायचीस, अदबीने. घाटात "चल गं म्हशी". माझ्या शेजारून, माझ्याच वेगाने, वाकडीतिकडी चालवत वर यायचीस आणि मला चिडवायचीस, म्हणजे रागाने तरी मी पाय मारीन. एकदा पूर्ण घाटभर तू मला पाढे विचारलेस. एकोणतीसचा पाढा चढावर म्हणून बघावा कुणीही. वर पोचलो की हापसा चालू असायचा, बापू आणि विलास हातपाय धूत असायचे, मी तोंड त्या धारेखाली धरायचे आणि मग चहा. पहिली यायचीस तू, पण वाजतगाजत स्वागत व्हायचं माझं. बापू स्टोव्हच्या पिनेने ताटली वाजवायचा.

आता त्या शर्यतीचं लिहिते. तू त्यातलं खरं सांगायचं टाळत आलीस म्हणून काही मी टाळणार नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तिकडच्या एका तरुण मंडळाने गुढीपाडव्याच्या तोंडावर घाटात सायकल शर्यत ठेवली आणि पहिल्यांदाच बायकांचा वेगळा गट केला. पहिली येणारी जिल्ह्याच्या संघात जाणार, तिथून राज्याच्या स्पर्धेला. संघाच्या वयाच्या अटीत तू काठावर बसत होतीस, पुढच्या वर्षी बसली नसतीस. तू कधी बोलली नाहीस, पण मला दिसत होतं. महिनाभर तू शाळेच्या आधी पहाटे पांडवलेण्याच्या चढावर जाऊन यायचीस आणि पहिल्या तासाला डोळे लाल असायचे. गट धरायला पाच बायका हव्या होत्या आणि चारच मिळाल्या, म्हणून पाचवी मी. बापू म्हणाला, "ताई, तुमचा नंबर नक्की आहे, पाचात पाचवा." विलासने तुझ्या सायकलीवरून कॅरिअर, घंटा, मडगार्ड, पाण्याची बाटली, जे जे उतरवता येईल ते सगळं उतरवलं. माझी टोपलीही उतरवायला आला होता. मी त्याला पळवून लावलं.

तुझे वडील पाड्यावरच्या लोकांना घेऊन आले होते. शेवटच्या वळणापलीकडे मांडव, तिथेच पांढरी रेषा, तिथेच पाण्याचे पिंप, लाउडस्पीकर. तुझ्या वडिलांनी धुतलेलं धोतर नेसलेलं आणि डोक्याला नवी टोपी. मुलीचं लग्न असल्यासारखे उभे होते, असं बापू सांगतो. मी काही ते पाहिलं नाही. मी खाली होते.

ऊन फार होतं. दुसऱ्या वळणावर मला गरगरायला लागलं, सायकल पडली आणि मी कठड्यावर बसले ती बसलेच. बाकीच्या बायका केव्हाच पुढे गेल्या होत्या, मागून येणारं कुणी नव्हतं. मला खरंच वाटलं, आता संपलं. आणि वरून तुझ्या सायकलीचा आवाज आला. मला वाटलं शर्यत संपली असेल. तू उतरलीस, तुझा तो पिवळा नॅपकिन माझ्या डोक्यावर ठेवलास. गच्च ओला, गारगार. पाणी मानेवरून पाठीत उतरलं आणि माझ्या जिवात जीव आला. मग म्हणालीस, "चल गं म्हशी." दोन सायकली दोन हातांनी ढकलत तू मला वर आणलंस.

वर मांडवात सगळे आपल्याकडे बघत होते. तेव्हा मला कळलं. तू सगळ्यांच्या किती तरी पुढे होतीस. उंबरापर्यंत आलीस. रेषा वळणाच्या पलीकडे, चार पायडल मारली असती तर पोचली असतीस. आणि तू उंबराला हात लावलास आणि परत फिरलीस. लाउडस्पीकरवाला तुझं नाव घेऊन बसला होता, वळणावरून आली ती दुसरीच.

बापूने डोक्याला हात लावला होता. "अहो यमुनाबाई, परत कुठं गेलात?" आणि तू कपाळावरचा घाम पुसत, शरमल्यासारखं हसत म्हणालीस, "काय सांगू, सवय! उंबर दिसला की हातच वळतात."

त्यानंतर काय हशा झाला! आधी बापू हसला, मग विलास, मग मंडळाची पोरं, मग तूच सगळ्यात मोठ्याने. फक्त तुझे वडील हसले नाहीत. त्यांनी बापूला विचारलं, "मागं कोण ऱ्हायलं व्हतं?" बापूने माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा डोक्यावर तुझा नॅपकिन घेऊन खाली बसले होते, दिसण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मला एकदा पाहिलं आणि मान हलवली. "मंग बराबर हाय," म्हणाले, आणि पाणी आणायला गेले.

पुढे सगळी वर्षं आपण त्यावर हसलो. बापूने तर तो धंदाच केला. नाशकात, दिंडोरीला, देवळाच्या आवारात, कुठेही उंबर दिसला की "यमुनाबाई, सांभाळा, उंबर आलं!" शाळेत तुझं नाव यूटर्न पडलं. नव्या आलेल्या बाईंना पहिल्या आठवड्यात ही गोष्ट सांगितली जायची आणि सांगायला तूच पुढे. हात कसे वळले ते खडूच्या डब्याला हँडल करून दाखवायचीस. हशा पिकायचा. मी हसायचे नाही. मी म्हणायचे, खोटं आहे. हिने मला उंबराजवळून पाहिलं. फाल्गुनात झाडांना पानं नसतात, तिथून खालचं वळण स्वच्छ दिसतं. तू म्हणायचीस, "मी खाली बघितलंच नाही, सुलभाबाई. शर्यतीत कुणी खाली बघतं का?"

दर वसंतात आपलं हे भांडण ठरलेलं. मला सिद्धता लागते, माझा स्वभावच तो. नुसतं मला वाटतं म्हणून काही सिद्ध होत नाही, हे मीच वर्गात ओरडून सांगते. आणि माझ्याकडे सिद्धता नव्हती. मी तुला शपथा घातल्या, अबोला धरला, एकदा तर सबंध रविवार तुझ्याशी फक्त बापूमार्फत बोलले. तुझं एकच. हात वळले. मी म्हणायचे, माझ्यामुळे गेलं असेल तर मला कळायला नको? तू विषय बदलायचीस. हे मात्र खरं की तू त्यावरून कधी उदास दिसली नाहीस. पण तू कशावरूनच उदास दिसायची नाहीस, त्यामुळे त्याचा मला पुरावा म्हणून काही उपयोग नव्हता.

राज्याच्या स्पर्धेला तू गेली नाहीस, पण मैदानावर तू जे केलंस ते कुठल्या कपात मावेल? दोन हजार साल उजाडलं तेव्हा आपल्या शाळेच्या सायकल स्टँडमध्ये मुलींच्या सायकली मुलांपेक्षा जास्त होत्या. ते आपोआप झालं नाही. तू सुट्टीच्या दिवशी मैदानात पोरींना शिकवायचीस, मागे कॅरिअर धरून पळायचीस. पालक तक्रार घेऊन यायचे, मुलगी पडली, पाय सोलला. तू त्यांना तुझे स्वतःचे गुडघे दाखवायचीस. त्या पोरी शाळा सुटल्यावर फाटकातून घोळक्याने निघायच्या, आणि मी एकदा नीट पाहिलं तर सगळ्यात पुढची पोरगी वळून परत येत होती. मागे एका जाड भिंगाच्या मुलीची चेन उतरली होती. मी तुला खिडकीतून बोलावून दाखवलं. तू म्हणालीस, "वळले वाटतं हात." मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला, आणि मी म्हणाले काय तर, "पोरींना तुझ्या वाईट सवयी लावू नकोस."

गेल्या वसंतात तुझं दुखणं सगळ्यांना कळलं होतं. डॉक्टरांनी घाट बंद केला. तू म्हणालीस, ठीक आहे, सपाटीला जाऊ. दिंडोरी रस्त्याने द्राक्षबागांच्या कडेकडेने आपण निघालो. बागांतून काढणीला आलेली तुझ्याच भागातली माणसं तुला हाका मारत होती. तू हळूहळू मागे पडलीस. कालव्याच्या पुलाला उंबर ठरवला होता, आणि बापू, विलास आणि मी, तिघं जीव खाऊन सुटलो. दुसरा नंबर आज कुणालाच नको होता. विलासने पुलाला हात लावला आणि असा वळला की माझ्यावर आदळायचा राहिला. तू लांबून ते बघत होतीस. आम्ही जवळ आलो तेव्हा म्हणालीस, "आत्ता कुठं तुम्ही नीट सायकल चालवायला लागलात. इतकी वर्षं काय झालं होतं?" बापूने नाडी बांधायला खाली वाकल्यासारखं केलं.

त्या दिवशीही मी तुला विचारलं. आपण दोघीच कालव्याच्या काठावर बसलो होतो, पाय पाण्यात. मी म्हणाले, यमे, आता तरी खरं सांग. तू पाण्यात पाय हलवत म्हणालीस, "सुले, तू ना फार हट्टी आहेस. हात वळले म्हटलं ना." सुले तू मला तेव्हा एकदाच म्हणालीस.

तर काल. आम्ही तिघं उंबराच्या अलीकडे उभे. ऊन चढायला लागलं, पुढे कुणी जाईना, आणि मला एकदम राग आला. बापूचा, विलासचा, तुझा सगळ्यात जास्त. मी पायडल मारलं. मी उंबरापाशी गेले, उतरले आणि त्याला हात लावला. यमे, मी पहिली आले. गार असतं गं ते खोड, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता नियमाप्रमाणे परत जायचं. खाली कुणी नव्हतं, ते मलाही कळत होतं. पण मी जाणार होते. उन्हात डोक्यावर काहीतरी ओलं असावं म्हणून टॉवेल काढला आणि हापशाशी गेले. दांडा खाली दाबला. पाणी नाही. पुन्हा दाबला. नुसता खडखडाट. मी हापसत राहिले. दंड भरून आले, श्वास लागला, नळीतून नुसती हवा. बापू मागून आला. म्हणाला, "ताई, थांबा. त्याला वेळ लागतो. फाल्गुनात पाणी पार खोल जातं, किती तरी दांडे मारावे लागतात. आम्ही आधी येऊन मारून ठेवायचो, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

माझा हात दांड्यावर तसाच राहिला.

मला हा हापसा नेहमी वाहताच भेटला होता. मी कायम शेवटची. त्याला पाणी काढायला किती वेळ लागतो हे मला कधी कळलंच नाही, कारण ते कळायला पहिलं यावं लागतं.

त्या दिवशी तुझ्या सायकलीला बाटली नव्हती, विलासने उतरवली होती. पिंपं रेषेच्या पलीकडे होती, आणि तू रेषा ओलांडली नव्हतीस. घाटात फाल्गुनात दुसरं पाणी नाही. आणि तुझा नॅपकिन गच्च ओला होता. इतका की माझी पाठ भिजली.

हात वळतील, यमे. एक वेळ मानते, सवयीने हात वळतील. पण सायकल उभी करून, मागून बाकीच्या येताहेत हे दिसत असताना, हापशाचे इतके दांडे सवयीने कुणी मारत नाही. तू उंबराजवळ आलीस, खाली पाहिलंस, मी कठड्यावर बसलेली दिसले. रेषा चार पायडलांवर होती. आणि तू उतरून हापसा मारत उभी राहिलीस. पाणी येईपर्यंत. तुझ्या शेजारून ती दुसरी पुढे गेली असेल तेव्हा तू दांडा सोडला नाहीस. मग नॅपकिन पिळायचाही नाही असं ठरवून तसाच घेऊन खाली आलीस. आणि वर येऊन सगळ्यांना हसायला लावलंस, म्हणजे कुणी माझ्याकडे बघू नये. इतकी वर्षं हसवत राहिलीस. तुझ्या वडिलांना हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं, मला गणित शिकवता शिकवता केस पांढरे झाल्यावर कळलं.

पाणी आलं. मी टॉवेल भिजवला. बापूला सांगितलं. हे दोन वाक्यांत सांगून झालं. बापूने हापशाच्या दांड्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "आणि मी सगळीकडं उंबर आलं, उंबर आलं करत फिरलो." विलास उगाच त्या हापशाचा बोल्ट घट्ट करायला लागला. मी म्हणाले, "करत राहा. तिला ते आवडायचं. फक्त आता खरं काय ते सांगून मग करा."

मग मी ओला टॉवेल डोक्यावर घेतला आणि सायकल वळवली. बापू म्हणाला, "ताई, खाली कोण आहे?" मी म्हणाले, "कुणी नाही. पण पहिली मी आले ना."

घाट उतरले. दुसऱ्या वळणावर, त्या कठड्यापाशी थांबले. टॉवेल अजून ओला होता, तो कठड्यावर ठेवला आणि जरा वेळ शेजारी बसले. मग परत चढले. दमले, उतरून ढकलली, पुन्हा बसले, पण चढले. तुझं खरं होतं, दोनदा पळस दिसतो. येताना तो वेगळ्या बाजूने दिसतो, हेही मला माहीत नव्हतं. वर पोचले तर बापूने ताटली हातात घेतली होती, पण वाजवत नव्हता. मी म्हणाले, वाजव. त्याने वाजवली. चहा तोवर केला नव्हता त्यांनी.

हेडबाईंना मी आता माहिती देणार आहे. त्यात शर्यतीचं लिहीन आणि खरं लिहीन, की तू उंबरापर्यंत पहिली होतीस आणि नंतर तुला काम होतं. यूटर्न म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला मी स्वतः घाटात नेऊन हापसा मारायला लावणार आहे. आणि तुझ्या वडिलांना जाऊन सांगणार आहे की मागं राहिलेलीला उशिरा का होईना, कळलं.

आपलं भांडण संपलं, यमे. सिद्धता मिळाली, मी जिंकले. आता बोल, हात वळले म्हणून.